पॅड नवे, पिना जुन्या: गगनबावड्याच्या वाटेवर तापणाऱ्या एका चाकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम. मीटरवर ८४,००० किलोमीटर. मालक नोकरीला कोल्हापुरात, घर वैभववाडीकडे. त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी फुलेवाडी सोडायची, कळे, असळज करत गगनबावडा गाठायचा आणि करूळ घाट उतरून घरी. सोमवारी पहाटे तोच घाट चढून परत. जाऊन-येऊन साधारण १५० किलोमीटर. मधल्या दिवसांत शहरातली किरकोळ फिराफिर, आणि बाकी वेळ गाडी भाड्याच्या घराच्या उघड्या अंगणात.

ब्रेकच्या दृष्टीनं हा वापर वाईटच. घाट उतरताना ब्रेक तापतो, भर पावसात भिजतो, आणि तसाच ओला दोन-दोन दिवस उभा राहतो. गंज धरायला आणखी काय लागतं? पावसाळ्यात गगनबावड्याकडचा पाऊस आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, दोन्ही चाकाच्या आतल्या बाजूला जाऊन बसतात. तिथं ना पाईपचं पाणी पोचतं ना मालकाची नजर.

एप्रिलमध्ये एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलले होते. बिल २,००० रुपये: पॅडचा संच १,४५० आणि मजुरी ५५०. त्यात क्लिप, पिन, रबर यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. काम पाऊण तासात झालं होतं आणि मालक त्यावर खूश होते.

तक्रार

सप्टेंबरअखेर गाडी उद्यमनगरातल्या दुसऱ्या एका गॅरेजला आली तेव्हा मालकांच्या दोन तक्रारी होत्या, आणि ऐकताना त्या एकमेकींच्या उलट वाटत होत्या. हलका ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. ब्रेक सोडून नुसती पळू दिली की डावीकडे. शिवाय घाट उतरल्यावर डाव्या पुढच्या चाकाशी जळका वास, आणि त्या चाकाची रिम काळ्या भुकटीनं माखलेली. उजवी रिम त्या मानानं स्वच्छ.

दोन ओढींचं कारण एकच असू शकतं. पॅड डिस्कवर दाबणारा डावा कॅलिपर नीट सरकत नसेल, तर ब्रेक दाबल्यावर डावीकडची पकड कमी पडते आणि जोर उजव्या चाकावर जातो. म्हणून गाडी उजवीकडे. ब्रेक सोडल्यावर तोच अडकलेला कॅलिपर पॅडला डिस्कपासून सुटू देत नाही, चाक घासत राहतं; म्हणून डावीकडे. मालक पहिली तक्रार अलाइनमेंटवाल्याकडे घेऊन गेले होते. त्यानं अलाइनमेंट करून दिली. फरक पडला नाही, पडणारही नव्हता.

तपासणी

आधी गाडी १२ किलोमीटर फिरवून आणली आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. डावी डिस्क १६५ अंश, उजवी ९०. मागचे दोन्ही ड्रम कोमट. हे दोन मिनिटांचं काम जॅक लावण्याआधीच व्हायला हवं, कारण चाक काढेपर्यंत डिस्क थंड होते आणि पुरावा जातो.

चाक काढल्यावर पॅड बाहेर आले. नव्या पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, १० मिमी असतो. उजवीकडे आतला ८, बाहेरचा ८.२. डावीकडे बाहेरचा ८.५, म्हणजे चौघांत सगळ्यांत कमी काम त्यानं केलं होतं. आतला मात्र तिरका झिजलेला, वरच्या टोकाला ३ मिमी आणि खालच्या टोकाला जेमतेम १. साडेसहा हजार किलोमीटरमध्ये.

हे आकडे ज्याला वाचता येतात त्याला निम्मं निदान इथंच मिळतं. या गाडीचा कॅलिपर एका पिस्टनचा, सरकता. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोरानं कॅलिपरचं अंग दोन पिनांवरून आत सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. अंग सरकलंच नाही तर सगळा भार आतल्या पॅडवर. तो सारखा न झिजता तिरका झिजला असेल तर एक पिन मोकळी आणि दुसरी जाम. कॅलिपर जाम पिनेभोवती वाकडा फिरतो. इथं वरची मोकळी, खालची जाम.

मालकांना हे पटेना. "अहो मिस्त्री, एप्रिलमध्येच पॅड टाकलेत की. पावती आहे माझ्याकडं."

"पॅडचा दोष न्हाई मालक. पिनच हलंना झालीया. तुम्हीच हलवून बघा की."

वरची पिन बोटानं आत-बाहेर होत होती. खालची हातानं हललीच नाही. पकडीत धरून पिळत पिळत बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकावरचं रबरी बुश भिजवलेल्या मटकीसारखं फुगलेलं होतं, बोट लावलं तर चिकट. भोकातून निघालेलं ग्रीस लालसर, तेच जे चाकाच्या बेअरिंगला भरतात. आणि पिनेवरचा रबरी बूट एका बाजूला चिरलेला. त्यातून गेलेल्या पाण्यानं पिनेच्या मधोमध तांबूस पट्टा उमटवला होता.

कारणांची साखळी अशी लागते. एप्रिलमध्ये पॅड बदलताना कुणीतरी चांगल्या हेतूनंच पिनेला ग्रीस लावलं. पण खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही; रबर ते शोषून फुगतं. फुगलेलं बुश भोकात बुचासारखं बसलं. चिरलेल्या बुटातून पावसाचं पाणी गेलं आणि उरलेलं काम गंजानं केलं. उजवीकडची खालची पिनसुद्धा तपासली. तीही जड सरकत होती, तिचंही बुश फुगायला लागलेलं, फक्त तिथला बूट शाबूत होता. म्हणजे उजवं चाक रांगेत मागे उभं होतं एवढंच.

तिसरी गोष्ट कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटमध्ये मिळाली. पॅडचे कान ज्या स्टीलच्या पातळ क्लिपांवरून सरकतात त्या जुन्याच होत्या. वरून चकचकीत, पण उचलल्यावर खाली ओतीव लोखंडावर गंजाचे पापुद्रे. हा गंज फुगून क्लिपला खालून वर ढकलतो, पॅडच्या कानाची जागा अरुंद होते आणि नवा पॅड त्यात ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसवलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरत नाही. एप्रिलच्या पॅडच्या कानांवर हातोडीच्या खुणा स्पष्ट होत्या.

पिस्टन जी-क्लॅम्पनं दाबून पाहिला. सहज आत गेला, त्याचा धूळबूट कोरडा आणि सलग. पुढच्या निर्णयासाठी हे महत्त्वाचं होतं.

समोरचे पर्याय

मालकांना शुक्रवारी निघायचं होतं आणि हातात दीड दिवस होता. त्यांची पहिली सूचना: नवे पॅड टाका, पिनेला योग्य ग्रीस लावा, चला. फुगलेलं बुश ग्रीस बदलून आक्रसत नाही. हा पर्याय मोडीत निघाला.

दुसरी सूचना एका मित्राची, फोनवरून आलेली: डावा कॅलिपरच नवा घाला, कटकट नको. ऐकायला भक्कम वाटते. पण या गाडीत पिना ज्या भोकांत सरकतात ती भोकं कॅलिपरच्या अंगात नाहीत, ब्रॅकेटमध्ये आहेत. आणि दुकानात मिळणारा कॅलिपर ब्रॅकेटशिवाय येत होता, साडेपाच हजाराला. म्हणजे जो भाग ठणठणीत आहे तो बदलायचा आणि जिथं दुखणं आहे ते तसंच ठेवायचं. पिस्टन अडकला असता किंवा ऑइल झिरपत असतं तर गोष्ट वेगळी.

तिसरा पर्याय म्हणजे दोन्ही बाजूंच्या पिना, बुश, बूट आणि क्लिपा नव्या, पॅडचा पूर्ण संच नवा. हाच घेतला. एकाच बाजूचं करावं का, असा प्रश्न मालकांनी विचारला. उजवीकडची जड पिन त्यांच्याच हातात दिल्यावर तो मिटला.

डिस्कचा निर्णय मात्र खरोखर अडला. डाव्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं १५.७ मिमी भरली, आतल्या तोंडावर नख अडकेल अशा चऱ्या. उजवी १६.३. डिस्कवर कोरलेली किमान मर्यादा १५. उद्यमनगरात लेथवर डिस्क उतरवून देणारे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि काम स्वस्तात होतं. पण चऱ्या जायला प्रत्येक तोंडावरून पाव मिमी तरी काढावा लागणार, म्हणजे उरते १५.२. कागदावर चालेल, पण हे पॅड संपायच्या आत ती मर्यादेखाली जाईल, आणि पातळ डिस्क घाटात लवकर तापते. शहरातच फिरणारी गाडी असती तर लेथ मारणं चुकीचं ठरलं नसतं. करूळ घाटासाठी नवी जोडी घेतली, ३,९०० रुपये. उजवी डिस्क ठेवता आली असती का? पैशाची फारच ओढ असती तर हो. पण एका बाजूला नवा पृष्ठभाग आणि दुसरीकडे जुना, अशी जोडी लावली की ओढ राहिल्यावर ती कशानं राहिली हे शोधण्यात पुन्हा दिवस जातो.

पुढचं काम

गाडी जॅकवरून घोडीवर घेतली. एक चाक पूर्ण उघडायचं, दुसरं नमुना म्हणून बंद ठेवायचं, असा क्रम ठेवला. कारण बुश असलेली पिन वरच्या भोकातली की खालच्या, हे गाडीगणिक बदलतं आणि चुकलं तर नवीन पिनही लवकर जाम होते. कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेनं स्प्रिंगला टांगला. पिस्टन मागे दाबताना हवा काढायच्या निप्पलला नळी लावून ते उघडं ठेवलं, म्हणजे तळाचं मळकं ऑइल वर एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे न ढकललं जाता बाटलीत उतरतं.

ब्रॅकेट उतरवून बाकावर घेतला. क्लिपांखालचा गंज तारेच्या ब्रशनं, मग सपाट कानशीनं हलक्या हातानं काढला. लोखंड दिसेपर्यंतच, त्यापुढं कानस चालवली तर क्लिप सैल बसून खडखडते. पिनेची भोकं ड्रिल लावून साफ करण्याचा मोह होतो. तो टाळायचा, भोक मोठं झालं की ब्रॅकेट भंगारात. सळईला कापड गुंडाळून, ब्रेक क्लीनर मारून, कापड पांढरं निघेपर्यंत तीच क्रिया. डिझेल किंवा रॉकेल इथं नको, त्यानं रबराचं जे होतं ते वर आलंच आहे.

नव्या पिनांना सिलिकोनचं, ब्रेकच्या रबराला चालणारं ग्रीस लावलं. पातळ थर आणि भोकाच्या तळाशी मुगाच्या दाण्याएवढं. जास्त भरलं तर पिन आत ढकलल्यावर ग्रीस आणि हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. कॅलिपर मग कायम एका बाजूला रेटलेला. डावीकडच्या वरच्या पिनेत नेमकं हेच झालं. बुटाची कड बोटानं जराशी उचलून कोंडलेली हवा सोडली, पिन जागेवर राहिली. कड परत खाचेत पूर्ण बसली का हे बोट फिरवून पाहिलं. बूट खाचेबाहेर राहिला तर चिरलेल्या बुटात आणि त्याच्यात फरक काय?

क्लिपांनी अर्धा दिवस खाल्ला. पहिल्यांदा आणलेला संच बिनब्रँडचा, २८० रुपयांचा. बसला नीट, पण पॅड टाकला तर कान बोटाच्या जोरानं सरकेना. कॅलिपरनं मोजल्यावर (मोजायचा कॅलिपर, ब्रेकचा नव्हे) पत्रा जुन्या क्लिपेपेक्षा जाड निघाला. पॅडचे कान कानशीनं घासून बसवणं हा अशा वेळचा रूढ उपाय. तो केला नाही, कारण पुढच्या वेळी योग्य क्लिप बसवणाऱ्याला तोच पॅड सैल लागेल, आणि आज घासलेला कान दोन्ही टोकांना सारखा घासला गेला असेल याची खात्री नाही. गाडीच्या कंपनीचा संच ५२० रुपयांना, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. त्यात पॅड अंगठ्यानं ढकलला तर सरकतो आणि सोडला तर आपोआप पडत नाही. कसोटी एवढीच.

नवी डिस्क बसवण्याआधी ती ज्यावर बसते त्या हबचं तोंड ब्रशनं साफ केलं. तिथं राहिलेला गंजाचा एक कण डिस्क वाकडी फिरवतो आणि काही काळानं ब्रेकचं पॅडल थरथरू लागतं. डिस्कवरचं गंजरोधक तेल क्लीनरनं पुसलं. पिनेचे बोल्ट आणि ब्रॅकेटचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानं आवळले. पिनेचे बोल्ट लहान असतात. लांब पाना घेऊन अंदाजानं आवळणारे हात पुढच्या मिस्त्रीला शिव्या द्यायला लावतात.

मागचे ड्रम

मालकांनी मागच्या ब्रेकबद्दल काही म्हटलं नव्हतं. पण हँडब्रेक ९ खटक्यांवर धरत होता आणि पॅडल जरा खोल जात होतं, म्हणून ड्रम उघडले. ड्रमला आतून दाबणाऱ्या शूचा मसाला ३.५ मिमी, अजून बराच. खराब होतं ते त्याच्या आजूबाजूचं. डाव्या रिटर्न स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फट दिसत होती आणि हूक ताणून उघडलेला. स्वतःहून अंतर जुळवणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी चाक गंजानं घट्ट. म्हणजे शू झिजत गेले तसं अंतर वाढत गेलं आणि ते भरून काढणारं कुणी उरलं नव्हतं.

शू ठेवले. रिटर्न स्प्रिंगा, शू दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या पिना दोन्ही बाजूंच्या नव्या, ७०० रुपयांचा संच. ॲडजस्टर सुटे करून आटे साफ केले. डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे उलट असतात. अदलाबदल झाली तर प्रत्येक ब्रेकला शू जवळ येण्याऐवजी लांब जातात, आणि मिस्त्री हँडब्रेकची केबलच ओढत बसतो. एका वेळी एकच बाजू उघडली तर ही चूक होऊच शकत नाही. ड्रममधली भुकटी हवेनं न उडवता क्लीनरनं ओली करून खालच्या ट्रेमध्ये उतरवली. ती फुप्फुसात जायची वस्तू नाही.

ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. शेवटचं कधी बदललं याची नोंद कुठंच नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. करूळ उतरताना या दोन आकड्यांमधला फरक पायाखाली कळतो. चारही चाकांना हवा काढून पूर्ण ऑइल बदललं.

निकाल

एकूण बिल ९,९३० रुपये. त्यात पॅड १,४५०, डिस्क ३,९००, पिन-बूट संच ६४०, क्लिपा ५२०, मागच्या स्प्रिंगा ७००, ऑइल ४२०, ग्रीस १५०, क्लीनर ३५० आणि मजुरी १,८००. चुकीच्या क्लिपांचे २८० गॅरेजनं आपल्याकडे घेतले.

गोकुळ शिरगावच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, मधे थंड व्हायला वेळ देत बारा-तेरा वेळा ब्रेक मारून पॅड बसवले. परत आल्यावर डावी डिस्क ८८ अंश, उजवी ८४. ओढ दोन्ही प्रकारची गेली.

पण मागचा उजवा ड्रम गरम लागला. हँडब्रेक कडक वाटावा म्हणून केबल ४ खटक्यांवर आणली गेली होती आणि शू पूर्ण सुटत नव्हते. क्रम उलटा झाला होता: आधी केबल सैल सोडून शूंचं अंतर जुळवायचं, मग केबल. परत सैल करून तसं केल्यावर ६ खटके आले आणि ड्रम थंड राहिला. गाडी न फिरवता दिली असती तर हा नवा दोष घाटात सापडला असता.

सात हजार किलोमीटरनंतरच्या तपासणीत डावीकडे आतला पॅड ७.८, बाहेरचा ८, उजवीकडे ७.९ आणि ८. पिना बोटानं सरकत होत्या.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली संधी एप्रिलमधलीच. काढलेले चार पॅड बाकावर शेजारी शेजारी ठेवले असते तर आत-बाहेरचा फरक तेव्हाही दिसला असता, कारण क्लिपांखालचा तेवढा गंज पाच महिन्यांत साठत नाही. ते थेट डब्यात गेले. पुढच्या क्लिपा, पिना आणि ग्रीस मिळून १,३१० रुपयांचं सामान. ते न घातल्यानं १,४५० चे पॅड फुकट गेले आणि डाव्या डिस्कचं आयुष्य अर्ध्यावर आलं. उजव्या डिस्कचा खर्च मात्र पूर्णपणे एप्रिलच्या माथी मारता येणार नाही, ती ८४,००० किलोमीटर चाललेलीच होती.

मालकांच्या बाजूनंही एक फट होती. पॅड बदलायला टाकताना "पिन, बूट, क्लिपा बघून सांगा" एवढं वाक्य आणि जुने पॅड परत मागून घेणं, यात काही खर्च नाही. जळका वास त्यांना ऑगस्टच्या मध्यापासून येत होता. प्रवासानंतर चारही रिमजवळ हात नेऊन (टेकवून नव्हे) पाहिलं असतं तर एक चाक वेगळं आहे हे तेव्हाच कळलं असतं, आणि डाव्या डिस्कला चऱ्या पडायच्या आत गाडी आली असती.

दुसऱ्या गॅरेजनं क्लिपा बसवण्याआधी नव्या-जुन्या पत्र्याची जाडी मोजली असती तर अर्धा दिवस वाचला असता. आता तिथं संच उघडल्या उघडल्या मोजतात.

गाडी अजूनही उघड्या अंगणातच उभी राहते. घाटातून ओली आल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात; पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, असं मालकांना सांगितलं आहे. पुढची पिना-बूट तपासणी मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी.